औषधे थांबली, तपासणी थांबू नये



लेकराच्या रक्ताच्या कर्करोगावरची शेवटची गोळी संपली की घरी पेढे वाटले जातात. वाटावेतच. दोन-अडीच वर्षे मर्कॅप्टोप्युरीनची रोजची गोळी, आठवड्याची मेथोट्रेक्सेट, पाठीतली इंजेक्शने, रक्तपेशींचे काउंट घसरले की रात्री-अपरात्री धावपळ; एवढे सोसल्यावर रुग्णालयाची पायरीही नकोशी होते. मग तपासण्या सुटतात आणि खापर पालकांवर फुटते. हे मला मान्य नाही. उपचार संपवताना पुढची व्यवस्था लावून देणे हे रुग्णालयाचे आणि शासनाचे काम आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ‘एएलएल’ हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आज बहुतांशी बरा होतो. प्रगत देशांत पाच वर्षांनंतर दहांपैकी नऊ मुले हयात असतात. औषधे थांबल्यावर आजार उलटलाच, तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. चार-पाच वर्षे नीट गेली की ती भीती बरीच ओसरते. पण उपचारातील डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन या औषधांमुळे हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, तोही कधी कधी दहा-वीस वर्षांनी. डोक्याला किरणोपचार दिले असतील तर उंचीकडे आणि अभ्यासातील अडचणींकडेही लक्ष हवे.

मुलींची तर फाइलच कपाटात दडवली जाते, कारण पुढे स्थळे यायची असतात. अपवाद सोडले तर हा आजार आनुवंशिक नसतो. अशा मुलीच्या पोटी येणाऱ्या बाळाला तो होईल, या भीतीला आधार नाही. डॉक्टरांनी हे घरच्यांना ठणकावून सांगावे. खरा धोका लपवण्यात आहे. गरोदरपणात हृदयावरचा ताण वाढतो आणि लहानपणी कोणते औषध किती दिले होते, हे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना माहीतच नसते. मग हृदयाची इको तपासणी करायला कोण सांगणार?

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र ओपीडी आहे. पण गडचिरोलीच्या मुलाने दरवर्षी मुंबई गाठायची का? उपचार संपताना प्रत्येक मुलाला औषधांची एकूण मात्रा, किरणोपचार आणि पुढच्या तपासण्या लिहिलेला मराठी कागद मिळालाच पाहिजे. इको आणि रक्ततपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला मोठ्यांच्या कोणत्या डॉक्टरांकडे सोपवले, याची नोंद ठेवावी. आणि तारीख चुकली, तर घरी फोन रुग्णालयातून यावा.

– एक पालक, सांगली