बॉब मार्लेच्या अंगठ्यावरचा डाग: ऊन न लागताही होणारा त्वचेचा कॅन्सर आणि त्यावरच्या औषधाचा शोध

जमैकाचा गायक बॉब मार्ले ११ मे १९८१ रोजी मायामीत गेला, तेव्हा तो फक्त ३६ वर्षांचा होता. त्याआधी चार वर्षं, १९७७ मध्ये, त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम बरी होत नव्हती. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असंच सगळे धरून चालले होते. तपासणीत निघाला मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. अंगठा काढून टाकायचा सल्ला त्याने मानला नाही. नख आणि त्याखालचा भाग तेवढा काढला गेला. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला, तोपर्यंत कॅन्सर मेंदूपर्यंत पोहोचला होता.

सीआयएने त्याला भेट दिलेल्या बुटात विषारी तार होती, अशी एक पोस्ट अजूनही फिरत असते. तिला कसलाही आधार नाही. बुटातल्या तारेने असा कॅन्सर होतही नाही.

मार्लेला झालेला प्रकार म्हणजे ॲक्रल मेलानोमा. ग्रीक भाषेत ‘आक्रॉन’ म्हणजे टोक. तळपाय, तळहात आणि नखांखाली, म्हणजे शरीराच्या टोकांना होतो म्हणून हे नाव. मार्लेचं निदान होण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९७६ मध्ये, रिचर्ड रीड या अमेरिकी डॉक्टरांनी याला स्वतंत्र प्रकार म्हणून ओळख दिली होती.

सावळ्या त्वचेला मेलानोमा होत नाही का?

कमी होतो, पण होतो. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातले बहुतेक मेलानोमा गोऱ्या त्वचेवर ऊन पडून होतात. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन त्यापासून बरंच वाचवतं, म्हणून भारतात मेलानोमा दुर्मिळ आहे. पण तळपायाला ऊन लागतंच किती? तिथे ना मेलॅनिनची ढाल कामाची, ना सनस्क्रीन. ॲक्रल मेलानोमा गोऱ्यांना आणि इतरांना साधारण सारख्याच प्रमाणात होतो. गोऱ्यांमध्ये तो बाकीच्या मेलानोमांच्या गर्दीत झाकला जातो, आणि भारत, चीन, जपान, आफ्रिकेत मेलानोमाच्या रुग्णांमध्ये त्याचाच वाटा मोठा दिसतो. शरीराचं वजन पेलणाऱ्या भागांवर, टाचेवर आणि चवड्यावर, तो जास्त दिसतो, असं जपानी डॉक्टरांनी २०१६ मध्ये दाखवलं. सततचा दाब हे एक कारण असू शकतं.

मग औषध एकच का चालत नाही?

खरी अडचण इथे आहे. २००२ मध्ये मेलानोमाच्या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकातला बिघाड सापडला. उन्हाच्या मेलानोमात जवळपास निम्म्या रुग्णांत तो असतो. तो नेमका रोखणारी वेमुराफेनिब ही गोळी २०११ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवून तिला कॅन्सरवर सोडणारी पहिली इम्युनोथेरपीही मंजूर झाली. मेलानोमाच्या उपचारांचं चित्र दहा वर्षांत पालटलं.

ॲक्रल मेलानोमाच्या वाट्याला यातलं थोडंच आलं. बीआरएएफचा बिघाड इथे पाच-सहा जणांत एखाद्यालाच असतो. इम्युनोथेरपीचंही तसंच. जपानमध्ये ॲक्रल मेलानोमाच्या १९३ रुग्णांना ती दिली, तेव्हा जेमतेम १७ टक्के जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. उन्हाच्या मेलानोमात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असतं.

कारण बिघाडाचं स्वरूपच वेगळं आहे. जनुकांचा संच म्हणजे एक जाडजूड ग्रंथ समजा. उन्हाने त्यात हजारो छपाईच्या चुका होतात, आणि इतक्या चुका झालेली पेशी प्रतिकारशक्तीच्या डोळ्यांत भरते. ॲक्रल मेलानोमात अशा चुका कमी. तिथे पानंच्या पानं फाटतात, उलटसुलट शिवली जातात, एखाद्या प्रकरणाच्या कित्येक जादा प्रती निघतात. पेशीला विभाजनाचा हुकूम देणाऱ्या सीसीएनडी१ आणि सीडीके४ या जनुकांचं बऱ्याचदा असंच होतं. त्यांना अडवणारी पॅल्बोसिक्लिब ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चीनमध्ये थोड्या रुग्णांवर वापरून पाहिली गेली. फायदा मोजक्यांनाच झाला.

हाती असलेलं एक लक्ष्य

आजच्या घडीला सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे केआयटी हे जनुक. ॲक्रल मेलानोमाच्या काही रुग्णांत ते बिघडलेलं असतं, हे २००६ मध्ये समोर आलं. आणि त्याला रोखणारं औषध आधीपासूनच दुकानात होतं: इमॅटिनिब, रक्ताच्या कॅन्सरवरची प्रसिद्ध गोळी.

हीच ती ग्लिव्हेक. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसला जिचं पेटंट नाकारलं, तीच. कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला लाखाच्या वर जात होती, भारतीय जेनेरिक त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे या दुर्मिळ कॅन्सरचं एक औषध भारतात परवडण्याजोगं आहे, हे त्या निकालाचं फारसं न बोललं गेलेलं फळ.

मात्र अपेक्षा बेताच्याच ठेवायला हव्यात. केआयटीत बिघाड असलेल्या मेलानोमाच्या ४३ रुग्णांना चीनमध्ये इमॅटिनिब दिलं, त्यांतल्या १० जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. तोही परिणाम बहुतेकांत काही महिनेच टिकतो. जनुकाच्या नुसत्या जादा प्रती असतील, तर औषध सहसा चालत नाही, त्यात ठरावीक म्युटेशनच असावं लागतं. म्हणून बायॉप्सीच्या नमुन्याची जनुकीय तपासणी आधी करावी लागते. ती न करता गोळी सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

माशाच्या पंखांत सापडलेला धागा

टोकांनाच का, याचं एक उत्तर २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या संशोधकांनी सीआरकेएल हे जनुक झेब्राफिश या इवल्याशा माशात वाढवलं. कॅन्सर प्रामुख्याने पंखांत झाला, जे उत्क्रांतीच्या हिशेबाने आपल्या हातापायांचे भाऊबंद. हातपाय घडवणाऱ्या जनुकांची आठवण त्या जागेच्या पेशींत राहते, आणि सीआरकेएल त्याचाच फायदा उठवतं. ही साखळी तोडणं हे नवं लक्ष्य ठरू शकतं. माणसासाठी त्यातून औषध निघायला अजून अवकाश आहे.

तोवर वेळेवर निदान हाच सगळ्यात मोठा फरक. गाठ पातळ असताना काढली, तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. पण तळपायाचा डाग कुरूप समजून कापला जातो, नखाखालचा काळेपणा ठेच लागली म्हणून सोडून दिला जातो. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर गडद उभ्या रेषा असणं नेहमीचं आहे, त्याने घाबरायचं कारण नाही. एकाच नखावरची रेषा रुंद होत असेल, रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरत असेल, किंवा पायाची जखम महिनाभरात भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. ठेचेचं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत जातं. मेलानोमाचा डाग तसा सरकून निघून जात नाही.