कानात कापूस घालून गेलो होतो

इथे बहुतेक दांडिया बाजार, रावपुरा, कमाटीबाग अशा जुन्या आठवणी येतात. माझी ताजी आहे, २६ जानेवारी २०२५ ची. अहमदाबादला मोटेराच्या स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम होता. नातीची मैत्रीण ऐनवेळी आजारी पडली, एक तिकीट शिल्लक राहिलं. जन्म बँकेत घालवलेला माणूस मी, तिकीट वाया जाताना बघवेना. म्हटलं, चल, येतो.

कानात कापूस होता. तरी तो ढोल छातीत वाजतो हो! गाण्याचे शब्द निम्मे कळले नाहीत. एक-दोन गाणी मला सारखीच वाटली, तेही सांगून टाकतो. आणि तिकिटाची किंमत ऐकून मी दोन मिनिटं गप्पच झालो होतो.

पण लाखावर माणूस, आणि प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचं एक कडं. गाणं बदललं की सगळं स्टेडियम एकदम निळं, मग पिवळं, मग लाल. जाताना ती कडी परत करायची असतात. मी कॅशियरच्या सवयीने बाहेरच्या पेटीपाशी उभा राहून पाहिलं, पोरं रांगेत येऊन टाकत होती. हीच पोरं आपल्या आरतीला तोंड उघडत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. तिथे त्यांना एकूण एक शब्द पाठ! प्रजासत्ताक दिन म्हणून त्या गायकाने वंदे मातरमही म्हटलं. उच्चार त्याचे, पण म्हटलं मनापासून. चौघेही पन्नाशीच्या आसपासचे, लंडनला कॉलेजात भेटलेले, आणि अजून तेच चौघे एकत्र वाजवताहेत. आपल्या मंडळाची कार्यकारिणी तीन वर्षं टिकत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी आपल्या मुलांनी गणपतीत गिटार-ड्रमसाठी एक तास मागितला होता. मिटिंगमध्ये "हे आपलं नाही, ही सयाजीरावांची नगरी आहे" असं मी म्हणालो आणि विषय तिथेच संपला. मुलं काही बोलली नाहीत, नंतर वर्गणी गोळा करायलाही आली नाहीत.

मोटेराहून परतताना गाडीत झोप लागेना. सयाजीरावांचं नाव मी कशाला घेतलं? त्यांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली ती सामान्य माणसाच्या मुलांना गाणं शिकता यावं म्हणून. त्याच संस्थानात पुढे फैयाज खाँसाहेब गायले आणि त्याच संस्थानाचा विलायती वाद्यांचा बँडही होता. कमाटीबागेतला बँडस्टँड काय भजनासाठी बांधला होता? नवरात्रात गरब्याचे स्पीकर मध्यरात्रीपर्यंत वाजतात, त्यातही गिटार आणि कीबोर्ड असतोच. तेव्हा आपण फाफडा खात कौतुकाने बघतो.

आवाज कमी ठेवा, वेळ पाळा, हे सांगायचा आपल्याला हक्क आहे. "तुमचं नाही" हे सांगायचा नव्हता. मुलांनो, माझं चुकलं.

यंदाच्या गणपतीची मिटिंग येत्या रविवारी आहे. मी तो विषय पुन्हा मांडणार आहे. शनिवारी, आरतीनंतर, एक तास. पोलिसांच्या परवानगीचा अर्ज मी लिहीन, दहाच्या आत बंद करायची जबाबदारीही माझी. ज्यांना त्रास होईल त्यांच्यासाठी कापूस आणीन.