अध्यापक घडतो कोठे?

पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. अल्पसंख्याक संस्थांपुरता प्रश्न मात्र मोठ्या पीठाच्या विचारार्थ ठेवण्यात आला. वीस-वीस वर्षे वर्गात काढलेली माणसे मार्गदर्शिका उघडून बसली. त्यांचा संताप आम्हांस समजतो. पण तो बाजूस ठेवून एक जुनाच प्रश्न विचारावासा वाटतो. अध्यापक घडतो तरी कोठे?

प्रस्तुत लेखकाने १९७६ साली अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे सारा भर पाठ टाचणावर. डावीकडे समास सोडावयाचा, मग हेतू, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन आणि शेवटी गृहपाठ. हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी बसविलेली ती पंचपदी आमच्यापर्यंत झिजत झिजत आली होती, आणि तिचा मूळ विचार काय होता हे आम्हांस कोणी फारसे सांगितले नाही. सराव पाठाची शाळाही ठरलेली. तेथील मुले आमच्यासारख्या शिकाऊ गुरुजींना इतकी सरावलेली होती की, पृथ्वी गोल असल्याचा पुरावा विचारताच वर्गातील यच्चयावत हात वर गेले. त्या पंधरवड्यात तोच पाठ त्यांनी तिसऱ्यांदा ऐकला होता! जुने ते सोने म्हणण्याचा मोह होतो तेव्हा हा प्रसंग आम्ही मुद्दाम आठवतो.

तरीही त्या दोन वर्षांत एक गोष्ट खरी घडली. मागच्या बाकावर बसून आमचा पाठ पाहणारे एक प्राध्यापक निरीक्षण वहीत फारसे लिहीत नसत. एकदा त्यांनी एवढेच लिहिले, ‘खिडकीजवळच्या मुलीने प्रश्न विचारला, तेव्हा आपण टाचण वाचीत होता.’ त्या पाठाला किती गुण मिळाले ते आता स्मरत नाही. ती मुलगी मात्र स्मरते.

पुढे नेमणूक झाली ती द्विशिक्षकी शाळेत. इयत्ता चार, गुरुजी दोन, आणि सहकारी रजेवर गेला की चारही इयत्ता एकाच्याच गळ्यात. आमची सारी टाचणे एका वेळी एका इयत्तेची! पहिलीला अक्षरे गिरवावयास देऊन चौथीला भागाकार कसा शिकवावा, याबद्दल दोन वर्षांत अवाक्षर नाही. अशा वेळी उपयोगी पडली ती आमच्या गावची शाळा. तेथील गुरुजी चौथीच्या पोरांना पहिलीच्या पाट्या तपासावयास बसवीत. आम्हांस तेव्हा तो त्यांचा आळस वाटे. पुढे वाचनात आले की, अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धत रूढ केली. पाटीऐवजी वाळूवर अक्षरे गिरवण्याची रीत त्याने आपल्याकडील देशी शाळेत पाहिली होती. ही सारी पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडात गाजली. आमच्या गुरुजींना बेल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्या ओसरीवर जे चालत आले होते, ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हते.

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुले असतील तर शिक्षक दोन. म्हणजे पाच इयत्ता दोघांनी सांभाळणे, ही लहान शाळांत कायद्यानेच गृहीत धरलेली स्थिती होय. असा वर्ग सांभाळण्याचे कसब १५० बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेतून कळणार कसे?

तथापि ही परीक्षा आकाशातून पडलेली नाही, हेही शिक्षकबंधूंनी मान्य करावयास हवे. महाराष्ट्रात डी.एड. महाविद्यालयांना ज्या रीतीने मान्यता मिळत गेल्या, त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ चा. पदविकेच्या कागदावरील विश्वास उडाला म्हणून दुसरा कागद मागण्यात आला. पुढे आपल्याच राज्यातील २०१९-२० च्या पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण बदलल्याचे प्रकरण २०२१ च्या अखेरीस बाहेर आले, तेव्हा या दुसऱ्या कागदाचीही किंमत कळली. आता तिसरा कोणता कागद मागणार?

नव्या अभ्यासक्रमांत शालेय अनुभवाचा काळ वाढविण्यात आला आहे. मात्र छात्राध्यापक शाळेत गेला आणि त्याच्या वहीवर सही झाली, एवढ्याने तो काळ सार्थकी लागत नाही. त्याचा वर्ग कोणी पाहिला, हे विचारले पाहिजे. सेवेतील शिक्षकांच्या बाबतीतही तेच. परीक्षेसाठी मिळालेल्या मुदतीत शासनास खरोखर काही करावयाचे असेल, तर केंद्रप्रमुखांच्या मानेवरील माहितीच्या तक्त्यांचे जोखड कमी करावे आणि त्यांना आठवड्यातून एक दिवस तरी केवळ वर्गात बसू द्यावे. दप्तर तपासावयास नव्हे, तर एखाद्या द्विशिक्षकी शाळेत, मागच्या बाकावर, दिवसभर. तेथे त्यांना जे दिसेल ते त्यांनी शाळा सुटल्यावर त्या शिक्षकाला सांगावे; वरच्या कार्यालयास पाठविण्याची घाई करू नये.