तीस श्रेयांक आणि एक गजकर्ण

गजकर्णाने प्राण जात नाही, म्हणून त्याची गणना क्षुल्लक रोगांत होते. परंतु यवतमाळ जिल्ह्यात दिवसभर शेतात घाम गाळणाऱ्या मजुराची त्याने रात्रीची झोप उडते. तो दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणतो. खाज शमते, बुरशी मात्र फोफावते आणि कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तेव्हा जबाबदारी आता चिठ्ठी लिहिणाऱ्यावर आली. त्यातच २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालेली बुरशी टर्बिनाफिन या नित्याच्या औषधास पुष्कळदा दाद देत नाही.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांस पाच वर्षांत ३० श्रेयांकांचे बंधन घातले आहे, ते योग्यच होय. पण हजेरीपटावरील सहीने विद्या येत नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी वणी, पुसद, उमरखेड येथे जाऊन, रुग्ण समोर बसवून आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवून तेथील डॉक्टरांस शिकवावे. परिषदेने श्रेयांक द्यावेत ते अशा अध्ययनास, असे आम्हांस वाटते. अन्यथा चुकीच्या मलमाची किंमत मजूर आपल्या रोजातून भरीत राहील.