किती साठवावे, केव्हा पुसावे?

संगणकांच्या जाळ्यातून वाहणारी माहिती जशीच्या तशी टिपून ठेवावी काय, हा प्रश्न आता केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. सेकंदाला १० गिगाबिट माहिती वाहून नेणारी एकच वाहिनी पूर्ण क्षमतेने चालली, तर दिवसाकाठी १०८ टेराबाइटचा साठा होतो. अशा पुरापुढे कोणतेही कोठार अपुरेच पडणार.

२००५ साली अमेरिका व जर्मनीतील संशोधकांनी यावर ‘टाइम मशीन’ नावाचा उपाय मांडला. जाळ्यावरील बहुतेक भार मोजक्याच मोठ्या जोडण्यांचा असतो आणि तपासाला उपयोगी भाग बहुधा जोडणीच्या आरंभीच सापडतो, हे त्यांनी हेरले. म्हणून प्रत्येक जोडणीचा केवळ आरंभीचा भाग जपायचा आणि ठरलेली जागा भरली की जुने पुसून नवे लिहायचे. घुसखोरी उशिरा उघडकीस आली, तरी मागे जाऊन तिचा माग काढता येऊ लागला. बँकेला वा रुग्णालयाला अशी सोय मोलाची आहे, हे आम्ही मान्य करतो.

परंतु अशी साठवण शासनाच्या हाती गेली की तिचे रूप पालटते. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी पुरविलेल्या कागदपत्रांतून ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेची ‘टेम्पोरा’ योजना उघड झाली. सागरी केबलमधून टिपलेला मजकूर ३ दिवसांपर्यंत, तर कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला याचा तपशील ३० दिवसांपर्यंत राखला जात होता. २५ मे २०२१ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला, की असे सरसकट टिपण मुळातच निषिद्ध नाही. मात्र ब्रिटनच्या तत्कालीन कायद्यात स्वतंत्र यंत्रणेच्या पूर्वपरवानगीची अट नव्हती, त्यामुळे खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश दिला. या नोंदी म्हणजे संभाषणाचा मजकूर नव्हे. तरीही त्यांवरून माणसाच्या दिनक्रमाचा अंदाज बांधता येतो.

एके काळी जागेची टंचाई हेच नागरिकांचे संरक्षण होते. साठवण स्वस्त होत गेली, तसतसे ते संरक्षण विरत गेले. म्हणून कोठार किती मोठे, एवढेच विचारून भागणार नाही. ते कोण उघडतो, कोणाच्या परवानगीने उघडतो आणि मुदत सरल्यावर ते खरोखर रिकामे होते की नाही, हे विचारणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते.