एका बिंदूवरून दिसणारा इतिहास

काटकोनात जोडलेल्या दोन प्रचंड पडद्यांवर मुद्दाम वेडेवाकडे केलेले चित्र टाकायचे आणि ठरावीक जागी उभ्या असलेल्या माणसाला ते घन व खरे भासवायचे, हे तंत्र जाहिरातदारांनी महानगरांच्या चौकांत रुजविले. उद्ध्वस्त प्राचीन वास्तूंच्या संगणकीय पुनर्रचनाही याच रीतीने जनतेपुढे मांडाव्यात, ही कल्पना वरवर निरुपद्रवी वाटते. पण या तंत्राची पहिली अटच अशी की, प्रेक्षकाने आपली जागा सोडू नये. थोडे बाजूला सरकले की खांब वाकतात, कमानी तिरप्या होतात. ही जागा ठरवितो कोण, हाच खरा प्रश्न आहे.

सीरियातील पाल्मिराचे उदाहरण बोलके आहे. इ. स. 32 मध्ये अर्पण झालेले बेलचे मंदिर पुढे चर्च झाले, नंतर मशीद झाले. त्याच्या आवारात मातीच्या घरांचे गाव नांदत होते. 1930 च्या सुमारास फ्रेंच अंमलदारांनी ते गाव हलविले, घरे पाडली, आणि 'शुद्ध' अवशेष जगापुढे ठेवले. त्याच तद्मुरच्या तुरुंगात जून 1980 मध्ये असद राजवटीने शेकडो कैद्यांची कत्तल केली. 2015 मध्ये इस्लामिक स्टेटने मंदिर आणि कमान सुरुंगांनी उडविली. 2016 च्या एप्रिलमध्ये त्या कमानीची यंत्राने कोरलेली संगमरवरी प्रतिकृती लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभी राहिली. पुढे ती न्यूयॉर्क व दुबईला गेली. कमानीला सर्वत्र प्रवेश मिळाला. देशोधडीला लागलेल्या सीरियन माणसाला मात्र सरहद्दींवर काटेरी तारा मिळाल्या!

पुनर्रचनेचा अभ्यासाला उपयोग आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु पुराव्याचा भाग कोणता आणि तर्काचा कोणता, हे प्रेक्षकाला स्पष्ट कळले पाहिजे, असे 2009 ची लंडन सनद सांगते. ज्या तंत्राचे यशच फसगतीत आहे, ते ही अट पाळणार कसे? त्यातून रोमन वैभव दिसेल. दगड वाहणारे मजूर, हुसकलेले गावकरी आणि तुरुंग दिसणार नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. अशा प्रतिमांवर मालकी जनतेची असावी, तर्काचा भाग वेगळा दाखवावा, आणि कोणता काळ दाखवायचा हे ठरविताना स्थानिकांचा शब्द प्रमाण मानावा. इतिहास चारी बाजूंनी हिंडून पाहायचा असतो. एका जागी खिळलेला प्रेक्षक ही सत्ताधाऱ्यांची सोय आहे, जनतेची नव्हे.