संदर्भपुस्तिकेतील एक शब्द आणि १८० दिवसांच्या नोंदी

शासनाचा व्यवहार कागदावर चालतो असे आपण सवयीने म्हणतो. आता ते अर्धेच खरे राहिले आहे. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, निविदा, नोकरभरतीचे अर्ज या साऱ्यांची ये-जा सर्व्हरवरून होते आणि त्यांतील कितीतरी सर्व्हर लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर खर्च, सुरक्षितता, स्वावलंबन अशा अनेक अंगांनी या विषयावर चर्चा झाली. मात्र एक अंग दुर्लक्षित राहिले. ते म्हणजे या प्रणालींची संदर्भपुस्तिका, म्हणजेच रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावर तांत्रिक कर्मचारी जे पान उघडतो ते.

या पानांना मोठी परंपरा आहे. युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती सिद्ध केली. प्रत्येक आज्ञेला एक पान आणि पानाची रचना ठरलेली: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली, पाहावयाची इतर पाने. शेवटी दोन मथळे असत. एकात त्या आज्ञेतील ज्ञात दोष लिहिलेले असत आणि दुसऱ्यात ती आज्ञा कोणाच्या जबाबदारीत आहे त्याचे नाव. प्रशासनात अनेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला या दोन मथळ्यांचे फार कौतुक वाटते. स्वतःच्या पद्धतीतील दोष आणि जबाबदार व्यक्तीचे नाव एकाच पानावर छापणारी कार्यालयीन नियमपुस्तिका माझ्या पाहण्यात नाही.

आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत सेवा सुरू करणे, थांबवणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे आणि त्यांच्या नोंदी राखणे हे काम सिस्टमडी नावाची व्यवस्था करते. तिची सुरुवात २०१० मध्ये झाली. तिची पुस्तिका तुटपुंजी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रत्येक निर्देशाचे वर्णन आहे, सर्व निर्देशांची सूची आहे आणि एखादा निर्देश कोणत्या आवृत्तीत आला हेही आता दिलेले असते. तरीही माहिती असणे आणि ती वाचणाऱ्याच्या हाती योग्य अर्थाने पडणे यांत अंतर राहते. ते किती महाग पडू शकते हे एका उदाहरणावरून पाहू.

भारताच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद संस्थेने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली निर्देश काढले. सायबर घटनेची खबर ६ तासांच्या आत द्यावी आणि सर्व माहिती-तंत्रज्ञान प्रणालींच्या नोंदी सतत मागील १८० दिवसांपर्यंतच्या सुरक्षित ठेवाव्यात, ही त्यांतील दोन प्रमुख बंधने. आता समजा, एखाद्या जिल्हा मुख्यालयातील कंत्राटी अभियंत्याला हे परिपत्रक हाती देऊन अंमलबजावणी करण्यास सांगितले. तो सिस्टमडीच्या नोंदसेवेचे, म्हणजे जर्नलडीचे पान उघडतो. तिथे त्याला मॅक्सरिटेन्शनसेक नावाचा निर्देश दिसतो. वर्णनात असे आहे की नोंदी जास्तीत जास्त किती काळ ठेवायच्या ते यातून ठरते. एरवी याची गरज नसते, पण नोंदी राखण्याविषयीचे एखादे धोरण अमलात आणायचे असल्यास याचा उपयोग होईल. अभियंता तिथे १८० दिवस लिहितो, सेवा पुन्हा सुरू करतो आणि अनुपालन अहवाल पाठवतो.

प्रत्यक्षात त्याने काय केले? १८० दिवसांपेक्षा जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात अशी आज्ञा दिली. १८० दिवसांपर्यंतच्या नोंदी टिकतील अशी कोणतीही हमी त्याने मिळवलेली नाही. कारण त्याच पानावर आकाराची मर्यादा घालणारा सिस्टममॅक्सयूज हा वेगळा निर्देश आहे. तो बदलला नाही तर नोंदींना संचयिकेच्या १० टक्के आणि फार तर ४ गिगाबाइट इतकीच जागा मिळते. ती भरली की सर्वांत जुन्या फायली पुसल्या जातात, मग त्या १८० दिवसांच्या असोत वा ८ दिवसांच्या. अर्ज भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात गजबजलेल्या सर्व्हरवर ही जागा किती लवकर भरेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. पुढे घुसखोरी झाली आणि तपास अधिकाऱ्याने चार महिन्यांपूर्वीच्या नोंदी मागितल्या, तर अहवालात त्या असतील, सर्व्हरवर नसतील.

या चुकीच्या मुळाशी एक शब्द आहे. रिटेन्शन या शब्दाने दोन उलट कर्तव्ये सांगता येतात. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण नियमांचा रोख असा की, वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा अधिक काळ ठेवू नये. आपल्या २०२२ च्या निर्देशांचा रोख असा की, ठरलेल्या मुदतीच्या आत नोंदी पुसू नयेत. एक कमाल मर्यादा आहे, दुसरी किमान. पुस्तिकेतील वाक्य कमाल मर्यादेविषयी अगदी बरोबर आहे. पण किमान मर्यादा मनात ठेवून येणाऱ्या वाचकाला ते थांबवत नाही, उलट धोरणाचा उल्लेख करून निश्चिंत करते.

त्याच पुस्तिकेत हे काम दुसरीकडे चांगले झाले आहे. रिक्वायर्स हा निर्देश एका सेवेला दुसरी सेवा आवश्यक आहे असे सांगतो, पण दोहोंपैकी आधी कोणती सुरू व्हावी हे सांगत नाही. त्यासाठी आफ्टर हा निर्देश स्वतंत्रपणे द्यावा लागतो. वाचकाचा इथे गोंधळ होणार हे लेखकांनी ओळखले आणि तसे स्पष्ट लिहून ठेवले. हीच दृष्टी सर्वत्र हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही दृष्टी आपल्याकडील कायद्यांच्या मसुद्यांत फार पूर्वीपासून आहे. दोन तरतुदींचा विरोध येण्याचा संभव असेल तेथे, इतरत्र काहीही अंतर्भूत असले तरी, असे म्हणून कोणते कलम वरचढ ते मसुदाकार सांगतो. अपवादासाठी परंतुक असते, संदिग्ध शब्दासाठी स्पष्टीकरण असते. शिवाय भारतीय दंड संहिता, १८६० आणि संविदा अधिनियम, १८७२ यांत कलमांखाली छोटी उदाहरणे दिलेली आढळतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही पद्धत सोडलेली नाही. नियम सांगून झाल्यावर दोन ओळींत प्रसंग मांडला की वकील आणि हवालदार दोघांनाही नियमाची हद्द कळते.

यावर असा आक्षेप येतो की संदर्भग्रंथ संक्षिप्त असावा, शिकवण्याचे काम इतरत्र व्हावे. डॅनिएले प्रोचिडा यांनी तांत्रिक लेखनाची धडे, कृतिमार्गदर्शन, संदर्भ आणि विवेचन अशी चार भागांत केलेली विभागणी मला मान्य आहे. पण दोन ओळींचे उदाहरण म्हणजे धडा नव्हे. तो नियमाचाच भाग होय. दुसरा आक्षेप असा की, जाणकार माणूस नोंदी स्वतंत्र सर्व्हरवर पाठवील. खरे आहे. परंतु पुस्तिका ज्याच्याजवळ जाणकार नाही त्याच्यासाठी अधिक असते, आणि आपल्या देशातील बहुसंख्य लहान कार्यालये या वर्गात मोडतात.

म्हणून प्रत्येक मर्यादादर्शक निर्देशाखाली चार गोष्टी असाव्यात असे मी सुचवतो. ही मर्यादा किमान की कमाल, दुसऱ्या निर्देशाशी विरोध आल्यास कोणता वरचढ, एक छोटे उदाहरण, आणि अपेक्षित परिणाम झाला की नाही हे पडताळण्याची आज्ञा.

हे कोणी करायचे? केवळ परदेशातील स्वयंसेवकांवर ते सोडून देणे मला योग्य वाटत नाही. या पुस्तिकेचे मूळ खुले आहे, कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. शासकीय कंत्राटांत अशी अट घालता येईल की काम करताना पुस्तिकेत जी संदिग्धता आढळेल तिची दुरुस्ती कंत्राटदाराने मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. शासकीय तंत्रज्ञाने असे केले तर त्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद व्हावी. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ ने आपल्याला कर्मचारी वापरत असलेले नियम आणि नियमपुस्तिका प्रसिद्ध करण्याची शिस्त लावली. सर्व्हरची मांडणी सुरक्षेच्या कारणास्तव जाहीर करता येणार नाही, पण पदभार सोपवताना ती लेखी देण्यास कोणती अडचण आहे?

महाराष्ट्राबाहेर बंगळूर, हैदराबाद, गुडगाव येथे आणि परदेशांतही या क्षेत्रात काम करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत. हे लेखन त्यांच्यापर्यंत पोहोचावे अशी माझी इच्छा आहे. एखादे वाक्य वाचून आपण अडखळलो, मग उलगडा झाला आणि आपण पुढे निघून गेलो, असे त्यांच्या बाबतीत रोज घडत असेल. त्या उलगड्याच्या दोन ओळी मूळ पानावर पाठवण्यास अर्धा तास पुरतो. तेवढ्याने कुठल्यातरी तालुक्यातील अभियंत्याचा अनुपालन अहवाल खरा ठरू शकेल.